दूध प्लँटचं पाणी रानात फुकट सोडतो म्हणतात, बाँडवर सही करावी का?

बालाघाटचा_तात्या:
राम राम मंडळी. वाशी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं काळं रान आहे. वरच्या अंगाला दूध प्लँट झालाय, पनीर अन् तूप काढतात. त्यांचा माणूस मोटारसायकलवर येऊन मागं लागलाय, "तात्या, चार एकरात आमचं पाणी सोडू द्या, बाराही महिने. खताचं पाणी हाय, ज्वारी बघा कशी येती." पैसे काही नाहीत, फक्त बाँडवर लिहून द्यायचं की पाणी मी मागितलं, जबाबदारी माझी. उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायला टँकर लागतो. तिथं फुकट पाणी म्हणल्यावर घरात दोन पार्ट्या झाल्यात, पोरगं म्हणतंय घ्याच.

पण भावकीतल्या एकाच्या रानात दिवाळीपासून हेच पाणी चालू आहे. गहू आधी काळाभोर वाढला, मग सगळा लोळला. आता त्यांच्या विहिरीचं पाणी घागरीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो, वास नासक्या अंड्याचा. प्लँटवाले रिपोर्ट नाचवतात: बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) 92, मर्यादा 100. पास हाय म्हणे. मग विहीर का नासली?

मुरूम_आणि_पाझर:
तात्या, सगळी नोकरी भूजल खात्यात केली मी, म्हणून लिहितो. 100 चा आकडा खोटा नाही. जमिनीवर सोडायच्या पाण्याला बीओडी लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, नदीनाल्यात सोडायचं तर 30. पण तो आकडा पाणी किती घाण आहे एवढंच सांगतो. एकरी किती ओतलं, हे त्यात कुठं आहे?

साखर कारखान्यांना 2016 च्या नियमात ते घालून दिलंय. भारी चिकण जमिनीला शुद्ध केलेलं पाणीसुद्धा हेक्टरी दिवसाला 35 ते 55 घनमीटर, म्हणजे एकरी 14 ते 22 हजार लिटर. डेअरीला दुधाच्या लिटरमागं तीन लिटर सांडपाण्याची मुभा आहे. प्लँट 50 हजार लिटर दुधाचा असला तर दीड लाख लिटर पाणी झालं. त्याच हिशोबानं सात ते अकरा एकर लागतं, अन् तेही रानाला पाण्याची गरज असताना. भर पावसात कुठल्या रानाला हे पाणी हवंय?

तांबूस गाळाचं कारण सांगतो. दुधाचा अंश कुजताना मातीतला सगळा प्राणवायू संपतो. मग मुरमातलं लोह आणि मँगनीज विरघळून विहिरीत उतरतं. उपसताना पाणी नितळ दिसतं, हवा लागली की गंज खाली बसतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाणी मातीतून गाळून न जाता भेगांतून थेट मुरमात. खाली बेसाल्टच्या सांध्यांत काहीच गाळलं जात नाही.

ईटीपी_नाईट_शिफ्ट:
मी दुसऱ्या जिल्ह्यात डेअरीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेवर आहे. तात्या, एक बघा, पनीरचं हिरवट पाणी वेगळ्या टँकरनं रात्री जातंय का? त्याचा बीओडी 30 हजाराच्या वर असतो. म्हणजे तसला एक टँकर रिपोर्टमधल्या पाण्याच्या तीनशे टँकरांएवढा. नमुना मात्र ईटीपीच्या तोटीचाच जातो!

दुसरं, टाक्या-पाइप रोज कॉस्टिक सोड्यानं धुतात. त्यातलं सोडियम बीओडीत दिसत नाही अन् ईटीपीत मरतही नाही. ते रानात साठतं अन् जमीन चोपण होते. मग फुकटचं काय अन् विकतचं काय, पाणी मुरायचंच थांबतं.

कळंबचा_गवळी:
सगळं खरं, पण प्लँट बंद पाडला तर आमचं दूध कुठं घालायचं? पावसानं पीक गेलं तेव्हा दुधाच्या पगारावरच घरं चालली.

मुरूम_आणि_पाझर:
बंद पाडा असं कोण म्हणतंय? पनीरचं पाणी वेगळं धरा, जमीन पुरेशी घ्या, पावसाळ्यापुरतं साठवण तळं बांधा. पैसा लागतो, म्हणून तर बाँड काढलाय.

तात्या, सही करू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लँटला दिलेलं संमतीपत्र वेबसाइटवर शोधा, नसेल तर माहिती अधिकारात मागा. रोज किती पाणी, कुठल्या जमिनीवर, हे त्यात लिहिलेलं असतं. तुमचा गट नंबर त्यात नसेल तर तुमच्या बाँडनं तिथं पाणी सोडणं कायदेशीर होत नाही. 1974 च्या जल कायद्यात 1988 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून दूषित पाणी जमिनीवर सोडणंही त्यात आलंय.

भावकीची विहीर अन् प्लँटच्या वरची एखादी विहीर, दोन्हींचं पाणी एकाच दिवशी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराईड, नायट्रेट, लोह तपासायला सांगा. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी लेकरांना नको. तुम्ही भरलेली बाटली कोर्टात प्लँटविरुद्ध चालत नाही, तिथं मंडळाच्या माणसानं रीतसर घेतलेला नमुना लागतो. पण हे दोन रिपोर्ट तक्रारीला जोडले की मंडळाला तक्रार टाळणं अवघड जातं.

बालाघाटचा_तात्या:
बाँड परत पाठवला. पोरगं फुगून बसलंय. भावकीतला मात्र विहीर तपासू देईना, म्हणतो रानाचा भाव पडंल. आमच्या बोअरचं दिलं तर चालंल का?

मुरूम_आणि_पाझर:
द्या, आत्ताच द्या. तुमच्या रानात ते पाणी अजून आलेलं नाही, म्हणून हा रिपोर्ट पुढं कामाला येईल. दिवाळीनंतर परत एकदा, त्याच बोअरचं. मोटार थोडा वेळ चालू ठेवून मगच बाटली भरा.