सेलेनियम पारा 'बाहेर काढत' नाही, शरीरातच अडकवतं

एकांनी लिहिलंय की सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं मूलद्रव्य) माशांतून येणाऱ्या पाऱ्याला बांधून शरीराबाहेर टाकतं, म्हणून मासे खाणाऱ्यांनी सेलेनियमच्या गोळ्या सुरू कराव्यात. बांधतं हे अगदी खरं. १९६७ मध्ये प्राग इथल्या पारिझेक आणि ओश्त्यादालोवा या संशोधकांनी मर्क्युरिक क्लोराईड (पाऱ्याचा विषारी क्षार) दिलेल्या उंदरांना थोडं सेलेनाईट (सेलेनियमचा क्षार) दिलं, तर त्यांची मूत्रपिंडं वाचली. पण पारा बाहेर गेला म्हणून नव्हे! स्लोव्हेनियातल्या इद्रिया इथे पाऱ्याची जुनी खाण आहे. तिथल्या मृत कामगारांच्या थायरॉईड, पिट्युटरी, मूत्रपिंड, मेंदू अशा अवयवांत खाण सोडून कित्येक वर्षं झाल्यावरही पारा होताच, आणि त्याच्या जोडीला जवळपास अणूस अणू सेलेनियम. हे १९७५ मध्ये छापून आलं. डॉल्फिनच्या यकृतात तर मर्क्युरी सेलेनाईडचे (पारा आणि सेलेनियमच्या संयुगाचे) बारीक काळे कण सापडतात. खाणीत मिळणारं टिमनाईट हे खनिज तेच. ते जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून निरुपद्रवी.

या सौद्यात सेलेनियमही कायमचं अडकतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मेंदूला जपणारी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज ही एन्झाइम्स त्याच्यावरच चालतात. म्हणून माशातल्या पाऱ्याचा आकडा एकटा पाहू नका, अणूंचं गुणोत्तर पाहा. पाऱ्याचा अणू सेलेनियमच्या अडीचपट जड, म्हणजे १ मिलिग्रॅम पाऱ्याला साधारण ०.४ मिलिग्रॅम सेलेनियम लागतं. बहुतेक समुद्री माशांत ते पाऱ्यापेक्षा जास्तच असतं. मोठ्या शार्कमध्ये मात्र उलटं असू शकतं, त्यामुळे गरोदर बाईला मोठी मुशी देऊ नका. आणि गोळ्या मनाने तर अजिबात नकोत, जास्त सेलेनियमने केस गळतात, नखं ठिसूळ होतात.