जुनी टूरिंग कार अजून रेसला नेता का? तुमचा अनुभव लिहा

माझ्याकडे तामियाची टीटी-०१ आहे, रिमोटवर चालणारी मॉडेल रेस कार, १/१० स्केलची. काकांनी २००६ साली आणलेली, माळ्यावर पडून होती ती मी खाली काढली. महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रॅक मांडतो. बाकीच्यांच्या गाड्या नव्या, बेल्टवाल्या (मोटरची ताकद पट्ट्याने चाकांना जाते), त्यामुळे मी कायम शेवटी. पण गाडी विकायची नाहीये. ज्यांनी जुन्या गाडीत हात घातलाय त्यांनी आधी काय बदललं, लॅप टाइम खरंच कशाने उतरला आणि पैसे कुठे फुकट गेले ते लिहा प्लीज.

चिंचवड
ताई, मोटर सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं, आधी १३.५ टर्नची ब्रशलेस मोटर टाकली (टर्न म्हणजे तारेचे वेढे, जितके कमी तितकी मोटर वेगवान), गाडी सरळ रेषेत सुसाट आणि वळणावर गोल फिरायची, तीन महिने तसेच गेले. नंतर किटमधले प्लास्टिकचे बुश (अ‍ॅक्सलभोवतीच्या साध्या कड्या) काढून ५ बाय ११ मिमीचे बॉल बेअरिंग टाकले, चाकाला नुसती टिचकी मारली तरी फिरत राहिलं. मग स्टिअरिंगमधला प्ले म्हणजे ढिलेपणा काढला, जुना सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बदलून फास्ट डिजिटल लावला. आणि टायर! पार्किंगच्या धुळीत प्रत्येक रनआधी ओल्या फडक्याने पुसा, चांगले रबर टायर घ्या, माझा सगळ्यात जास्त वेळ टायरनेच वाचला.

लेस्टर, इंग्लंड
इथे हिवाळ्यात हॉलमध्ये कार्पेटवर पाच-पाच मिनिटांच्या हीट म्हणजे फेऱ्या होतात. माझी बेल्टवाली गाडी सहा सुट्या निकेल सेलच्या जमान्यातली, चॅसिसला सेलपुरत्याच खाचा, लिपो (नवी लिथियम पॉलिमर बॅटरी) बसवायला कानसने कडा घासाव्या लागल्या. ते जमलं पण गाडी डावीकडे वेगळी नि उजवीकडे वेगळी वळायला लागली. कारण कळायला वेळ लागला: लिपो जुन्या पॅकपेक्षा शंभर ग्रॅमहून हलकी, म्हणजे बॅटरीची बाजूच हलकी झालेली. चार चाकांखाली स्वयंपाकघरातले चार छोटे वजनकाटे ठेवले, शिशाच्या पट्ट्या चिकटवत दोन्ही बाजू सारख्या केल्या. त्या रात्री गाडी पहिल्यांदा दोन्हीकडे सारखी वळली, आनंदाने झोप लागली नाही. मोटर तीच, १७.५ टर्न.

नागपूर
लिपोचं निघालंय म्हणून सांगतो, जुना स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा सर्किटचा डबा) असेल तर आधी त्याला लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरली की मोटर बंद करायची सोय, आहे का बघा. माझ्याला नव्हता. निकेल पॅकची सवय, गाडी मंद होईपर्यंत चालवली, सेल ३ व्होल्टच्या खाली गेले आणि पॅक पापडासारखा फुगला. घरात लहान मुलं आहेत, फार घाबरलो होतो. कंट्रोलर नवीन घ्या नाहीतर अलार्म तरी लावा, यात काटकसर नको. २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला रेडिओ असेल तर तोही बदला, २.४ गिगाहर्ट्झवर दुसऱ्याशी फ्रिक्वेन्सी जुळवत बसावं लागत नाही.

चिंचवड
हो, आणि मोटर बदललीत तर गिअरिंगचं गणित नव्याने करा. स्पर (मोठं गिअर) भागिले पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर), म्हणजे त्यांचे दात, गुणिले गाडीच्या आतल्या बाकी गिअरचा रेशो. उदाहरणार्थ टीटी-०२ किटमध्ये ७० भागिले २२, गुणिले २.६, म्हणजे ८.२७. पिनियन एकेक दाताने वाढवा, दर रननंतर मोटरचं तापमान बघा, ८० डिग्रीच्या आसपास गेलं की मागे या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! काल बेअरिंग बसवले, आवाजच बदलला गाडीचा. पुढचा-मागचा दोन्ही डिफ (वळताना डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उघडले तर आतलं ग्रीस वाळून खडखडीत. दोन्हीत घट्ट ग्रीस भरू का?

लेस्टर, इंग्लंड
पुढच्यात घट्ट भरा, मागचा मोकळा ठेवा. दोन्ही घट्ट केलेत तर वळताना नाक बाहेर जाईल, गाडी पुरेशी वळणार नाही. रविवारी चालवून बघा नि लॅप टाइम इथे टाका.