मदत हवी आहे: ट्रेलर जोडला की पिकअपचं एकूण वजन मर्यादेत, पण मागचा ॲक्सल जास्त भरतोय

जाहिरातीतली भारक्षमता साध्या, रिकाम्या मॉडेलची असते. म्हणून दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि वजनकाटा यांवरूनच हिशोब केलाय. कॅनोपी, टूलबॉक्स, दोन माणसं, भरलेली टाकी आणि हौद्यातला माल धरून पिकअप २९०० किलो भरते, मर्यादा ३२००. म्हणजे ३०० किलो शिल्लक.

खरी अडचण मागे आहे. मागचा ॲक्सल १६४० किलो, मर्यादा १८००. ट्रेलर १५०० किलोचा, हुकावर १० टक्के म्हणजे १५० किलो. वरवर बसतं. पण हुक ॲक्सलच्या १.२ मीटर मागे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३.२ मीटर, तरफेमुळे मागे १५० × ४.४ ÷ ३.२, म्हणजे २०६ किलो पडतात आणि पुढचा ॲक्सल ५६ किलोने हलका होतो. मागे ४६ किलो जास्त!

हुकावरचा भार आणखी कमी केला तर ट्रेलर डोलेल, ते नको. स्प्रिंगचे जादा पाटे टाकून गाडी बसायची थांबते, मर्यादा वाढत नाही. हौद्यातला २०० किलो माल पाऊण मीटर पुढे सरकवला तर जेमतेम ४७ किलो उतरतात.

भार वाटून देणारा हिच लावून कोणी तिन्ही ॲक्सल (गाडीचे दोन, ट्रेलरचा एक) वेगवेगळे काट्यावर तोललेत का? पुढच्या ॲक्सलवर नेमके किती किलो परत आले? आधीचे-नंतरचे आकडे द्याल का?