ब्लेंडरमध्ये रेंडर लावलं की पीसी आपोआप रीस्टार्ट होतो – एसएमपीएस बदलू का?

चौकट_२४
नमस्कार मंडळी, घरच्या पीसीवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशनचं काम करतो. गेले तीन आठवडे पीसी त्रास देतोय.

मशीन असं आहे: रायझन ७ ५८००एक्स, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, ३२ जीबी डीडीआर४ रॅम (८ च्या चार स्टिक, दोन जुन्या, दोन नंतर टाकलेल्या, एक्सएमपी म्हणजे रॅमच्या वाढीव वेगाचं सेटिंग ३६०० वर), ५५० वॉट ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), १ टीबी एनव्हीएमई, विंडोज ११. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, २७ इंची मॉनिटरही त्यावरच.

तक्रार १: सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ॲनिमेशन रेंडर लावलं की मध्येच स्क्रीन काळी होते आणि पीसी स्वतःच पुन्हा चालू होतो. निळी स्क्रीन येत नाही. कधी १० फ्रेमनंतर, कधी २०० फ्रेम सुरळीत जातात.

तक्रार २: रिगिंग (पात्राला हाडांचा सांगाडा जोडणं) करताना ब्लेंडर न विचारता गायब होतं. पीसी चालूच राहतो.

सीपीयू ८४ अंशांपर्यंत जातो, ग्राफिक्स कार्ड ७१. पेस्ट बदलली, ड्रायव्हर दोनदा नव्याने टाकले, विंडोजही नव्याने टाकून झालं. कॅबिनेटची बाजू काढून टेबल फॅन लावला तरी तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ दिसतं. दुकानदार म्हणतो ८५० वॉटचा एसएमपीएस घ्या. घेऊ का?

---

निळी_स्क्रीन
थांबा, काही विकत घेऊ नका. हे दोन वेगवेगळे रोग आहेत असं धरून चला. एकाच औषधाने दोन्ही बरे करायला गेलात की मग पेस्ट, विंडोज, फॅन असं सगळं करून होतं आणि हाती काही लागत नाही.

आधी तक्रार १. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे कारण नव्हे. 'मागच्या वेळी मला नीट बंद केलं गेलं नाही' एवढंच विंडोज पुन्हा चालू झाल्यावर लिहून ठेवतं. त्या नोंदीच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन बगचेक-कोड (विंडोज कोसळल्याचा कोड) बघा. तिथे ० असेल तर विंडोजला कोसळायलाही वेळ मिळालेला नाही. वीज तुटली असेल, बोर्ड रीसेट झाला असेल किंवा मशीन जागीच गोठलं असेल. ० सोडून काही असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या मिनीडम्पमध्ये फाईल सापडेल, ती विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या डीबगरमध्ये उघडायची.

सिस्टिम लॉगमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा. व्हेआ-लॉगर १८ असेल तर प्रोसेसर कोअरने स्वतः चूक नोंदवली आहे; मग कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज बदलणारं सेटिंग) किंवा ओव्हरक्लॉक काढून बायोस डिफॉल्टवर आणायचं. डिस्प्ले ४१०१ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर वेळेत उत्तर देत नाहीये. विंडोज त्याची साधारण २ सेकंद वाट बघतं आणि मग त्याला रीसेट करतं. पण त्यात स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, अख्खा पीसी रीस्टार्ट होत नाही. त्यामुळे तुमच्याकडे ते नसावं.

उष्णता मी बाजूला ठेवेन. ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोहोचल्यावर तो आधी वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. ८४ ला रीस्टार्ट व्हायचं कारण नाही. टेबल फॅन काढून ठेवा, धूळ तेवढी आत जाते.

तक्रार २ साठी विंडोज लॉग्जमधला 'ॲप्लिकेशन' भाग उघडा आणि इव्हेंट १००० च्या नोंदी बघा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' अशी ओळ असते. किमान पाच क्रॅशची नावं लिहून काढा. दर वेळी एकच मॉड्यूल असेल तर ड्रायव्हर किंवा ॲडऑन. एकदा ब्लेंडर, एकदा विंडोजची एनटीडीएलएल, एकदा एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सची फाईल असं फिरत असेल तर रॅम. खराब रॅमला कुणाच्या दारात पडायचं हे ठरवता येत नाही.

---

तीन_पिनी
वरच्या प्रतिसादाला +१. पण मला तो ६०० व्हीएचा यूपीएस खटकतोय.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. या वर्गातले घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचे असतात. मागच्या स्टिकरवर आकडा असतो, बघा. आता तुमचा लोड मोजू:

५८००एक्स पूर्ण जोरात: १४२ वॉट (सॉकेटची स्टॉक मर्यादा)
३०६०: १७० वॉट
बोर्ड, रॅम, एनव्हीएमई, पंखे: ५० धरा
बेरीज साधारण ३६० वॉट.

एसएमपीएसची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर भिंतीकडून ४१० ओढले जातात. मॉनिटरचे ३५ धरले तर ४४५ वॉट, ३६० च्या यूपीएसवर. फक्त जीपीयूवर रेंडर करत असाल आणि सीपीयू ६० वॉटवर असेल तरी हिशेब ३५५ च्या आसपास येतो, म्हणजे काठावर.

मग रोज का बंद पडत नाही? कारण मेन लाईन असताना यूपीएस बहुतांशी भिंतीतली वीजच पुढे सोडतो. बॅटरी आणि इन्व्हर्टर मध्ये येतात ते व्होल्टेज डीम झालं किंवा लाईट गेली तर. तेव्हा रिले टक्कन पडतो आणि ४४५ वॉटचं ओझं एकदम त्या छोट्या इन्व्हर्टरवर येतं. तो बसतो. इकडे एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद पुरेल इतकाच साठा असतो. साठा संपत आला की एसएमपीएस 'पॉवर गुड' (वीज ठीक आहे) सिग्नल काढून घेतो आणि बोर्ड रीसेट होतो. अर्ध्या सेकंदात लाईन परत आलेली असते, म्हणून तुम्हाला वाटतं पीसी 'आपोआप' रीस्टार्ट झाला. ब्राउझर चालू असताना हाच झटका बसला तर कळतही नाही. लोड १०० वॉटचा असतो, साठा कितीतरी जास्त वेळ पुरतो.

म्हणून ८५० वॉटच्या एसएमपीएसने काही होणार नाही. एसएमपीएस लागेल तेवढंच ओढतो. ३६० वॉटच्या डीसी लोडला ५५० चा चांगला एसएमपीएस पुरेसा आहे.

दोन प्रश्न:
१. रीस्टार्टच्या वेळी टेबलाखालून 'टक' असा आवाज येतो का?
२. वेळा काय आहेत? कर्नल-पॉवर ४१ ची वेळ ही चालू झाल्यानंतरची असते. त्याऐवजी इव्हेंट ६००८ च्या मजकुरात बंद पडल्याची वेळ दिलेली असते, ती घ्या आणि शेवटच्या सेव्ह झालेल्या फ्रेमच्या वेळेशी ताडून बघा.

आणि चाचणी: यूपीएस पूर्ण बाजूला काढा. पीसी चांगल्या स्पाइक गार्डमधून थेट १६ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा आणि तीच फाईल, त्याच ५० फ्रेम तीनदा रेंडर करा. एका वेळी एकच बदल. एसएमपीएस उघडून बघू नका, बंद असतानाही आत चार्ज राहतो.

---

चौकट_२४
धन्यवाद! बगचेक-कोड ० आहे. व्हेआ किंवा ४१०१ ची एकही नोंद नाही.

६००८ मधल्या वेळा काढल्या: ६:३२, ६:३५, १८:३१, ६:३३, १८:३४, आणि एकदाच २३:१०. सोसायटीच्या पाण्याची मोटर सकाळ-संध्याकाळ साडेसहाला लावतात! आवाजाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. काल संध्याकाळी मुद्दाम कान देऊन बसलो. मोटर लागली, ट्यूबलाईट क्षणभर मंदावली, टेबलाखाली 'टक', आणि स्क्रीन काळी. स्टिकरवर ३६० वॉटच आहे.

थेट सॉकेटवर १५० फ्रेम झाल्या, मध्ये मोटर लागून गेली, काही झालं नाही.

फॉल्टिंग मॉड्यूल: ब्लेंडर, एनटीडीएलएल, ब्लेंडर, पायथनची फाईल, यूसीआरटीबेस. कोड पाचही वेळा सी००००००५.

---

तीन_पिनी
मोटर सुरू होताना चालू करंटच्या कैक पट करंट ओढते, त्यात व्होल्टेज दबतं. सापडलं म्हणायचं. २३:१० ला नुसतीच लाईट चमकली असेल.

आता उपाय. खर्च करायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचा, किमान ६०० वॉटचा यूपीएस घ्या. व्हीए बघू नका, वॉट बघा. स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस तिच्यावर, विशेषतः जास्त लोडला, कुरकुर करतात.

खर्च नको असेल तर लोड उतरवा. बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड लावला की ५८००एक्सची मर्यादा १४२ वरून ८८ वॉट होते. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्के केली की १७० चे साधारण १२८. नवा हिशेब: ८८ + १२८ + ५० = २६६, भिंतीकडून ३०२. मॉनिटर यूपीएसवरून काढून सरळ स्पाइक गार्डला लावा, लाईट गेल्यावर तो बंद पडला तर काही बिघडत नाही. रेंडरचा वेळ वाढेल, पण वॉट कापले त्या प्रमाणात नाही. शेवटचे ४० वॉट कार्ड थोड्याशाच वेगासाठी जाळत असतं.

यूपीएसच्या बॅटरीचं वयही बघा. या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तीन वर्षं झाली असतील तर ३०० वॉटलाही ती बसेल. आणि नवी असली तरी ३०० वॉटवर काही मिनिटंच मिळतात, रात्रभराचं रेंडर त्यावर निघत नसतं.

घरात इन्व्हर्टर असेल आणि पीसी त्यावर असेल, तर मागचं किंवा पुढचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना ते तपासा. साध्या मोडला चेंजओव्हरला जास्त वेळ लागतो. पंख्याला चालतं, पीसीला नाही.

---

निळी_स्क्रीन
पाच क्रॅश, चार वेगळी मॉड्यूल, कोड ॲक्सेस व्हायोलेशनचा (प्रोग्रामने मेमरीतल्या नको त्या जागी हात घातला). रॅम तपासा.

एएमडीच्या अधिकृत आकड्यांप्रमाणे रायझन ५००० मालिकेला दोन स्टिकवर ३२०० चालतं. चार सिंगल-रँक (चिपचा एकच गट असलेल्या) स्टिक असतील तर २९३३, चार ड्युअल-रँक (दोन गटांच्या) असतील तर २६६७. चार स्टिकवर ३६०० म्हणजे नशिबाचा भाग, त्यातून दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्या. बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) घ्या, एक्सएमपी चालू ठेवूनच बूट करून रात्रभर चार पास होऊ द्या. चूक एक आली तरी नापास, '३२ जीबीत एकच तर आहे' हा हिशेब इथे चालत नाही. चूक आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा. आता स्वच्छ गेलं तर स्टिक ठीक आहेत, वेग झेपत नाहीये. तरीही चुका आल्या तर एकेक स्टिक सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून वेगळी तपासायची.

वेग झेपत नसेल तर ३२०० ला, १.३५ व्होल्टवर बघा. नाही जमलं तर २९३३. रेंडरच्या वेळेत फरक शोधून सापडणार नाही.

दरम्यान एक काळजी घ्या. खराब रॅमवर सेव्ह केलेली फाईल आतून बिघडलेली असू शकते आणि ते महिन्याने कळतं. प्रेफरन्सेसमध्ये 'सेव्ह व्हर्जन्स' १ असतं ते ५ करा, आणि चालू कामाच्या फाईल रॅम सुधारल्यावर एकदा उघडून, नव्या फाईलमध्ये अपेंड करून घ्या.

---

फ्रेम_दर_फ्रेम
विजेचं झालं, रॅमचं झालं. पण रेंडर थेट एमपी४ मध्ये काढत असाल तर आधी ते बंद करा. मध्येच वीज गेली की फाईलचा शेवट लिहिला जात नाही आणि आधीच्या १९९ फ्रेमही बहुधा जातात. पीएनजी किंवा ईएक्सआर सिक्वेन्स (दर फ्रेमची वेगळी चित्र-फाईल) काढा, 'ओव्हरराईट'ची खूण काढून 'प्लेसहोल्डर्स'वर लावा. मग पुन्हा रेंडर लावल्यावर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जातं. एकच पथ्य: बंद पडला त्या क्षणाची फ्रेम शून्य केबीची प्लेसहोल्डर म्हणून पडलेली असते, ब्लेंडर तिला 'झालेली' समजतं. फोल्डर साईझप्रमाणे लावून ती आधी डिलीट करा. व्हिडिओ शेवटी सिक्वेन्सरमध्ये जोडता येतो.

३०६० ची १२ जीबी मेमरीही लवकर भरते बरं का. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर ८ बिटमध्ये ६४ एमबी घेतं, तेच ३२ बिट फ्लोट असेल तर २५६. मागच्या भिंतीला ४के टेक्स्चर कशाला हवं? 'सिम्प्लिफाय'मधली टेक्स्चर मर्यादा २०४८ करून फरक दिसतो का बघा.

---

निळी_स्क्रीन
रेंडरमध्ये क्रॅश म्हणून शोधत इथे येणाऱ्यांसाठी: इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी बायोस अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोस अपडेटमधून येते) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जागा भरपूर असताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येणं हे त्याचं एक लक्षण. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही; तिथे वॉरंटीच मागायची.

---

चौकट_२४
मेमटेस्ट: ३६०० वर दुसऱ्या पासमध्ये १४ चुका. एक्सएमपी बंद करून शून्य. ३२०० वर १.३५ व्होल्टला चारही पास स्वच्छ.

इको मोड आणि ७५ टक्के लावून यूपीएस परत जोडला, मॉनिटर बाहेर काढला. आज ६:३१ ला 'टक' झालं, रेंडर चालूच राहिलं. फ्रेमला ४८ सेकंद लागत होते, आता ५३ लागतात. फोल्डरमध्ये शून्य केबीच्या तीन फ्रेम सापडल्या, त्या काढून पुन्हा लावल्यात.