कॅज्युअल्टीतली पहाटेची पोटदुखी

नवा इंटर्न:
कॅज्युअल्टीत ड्यूटी लागून नववा दिवस. काल पहाटे चारला एक मावशी आल्या. पोटात दुखतंय, घशाखाली थुंकी उतरत नाही. अंगावर कुठे खूण नाही. मी पित्ताचं इंजेक्शन लिहायला घेतलं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांच्या पापण्या बघा." दोन्ही ओघळलेल्या. वर बघा म्हटलं तर कपाळाला आठ्या पडायच्या, पापणी उचलायचीच नाही. रात्री जमिनीवर झोपल्या होत्या. मण्यार चावली होती! सरांनी एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, १० व्हायल सुरू केल्या, तरी तासाभरात श्वासासाठी नळी घालावी लागली. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत मी हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत होतो. सिस्टर नसत्या तर? तुम्ही वेळेत कसं ओळखता?

जुनी रेसिडेंट:
पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आली की पहिला प्रश्न, रात्री कुठे झोपला होतात? मण्यारीचे दात बारीक, खूण सहसा दिसत नाही. आणि काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त २० मिनिटांत गोठलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. ती चाचणी घोणस, फुरसं पकडते, मण्यार नाही. सिस्टरांचं मात्र कायम ऐक, अगदी घाईतसुद्धा.

कोकणातला एमओ (मेडिकल ऑफिसर):
विंचवाचंही असंच. गार हातपाय आणि दरदरून घाम दिसला की आम्ही प्राझोसिन देतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी घालून दिलेली वाट.

नवा इंटर्न:
आज संध्याकाळी मावशींनी माझं बोट दाबलं. पापणी अजून अर्धीच उघडते.