ग्रोथ हार्मोन ०.१ आलं, तरी डॉक्टर कमतरता म्हणत नाहीत

गौरी, भांडुप:
वय ३९. नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणात खूप रक्त गेलं. अंगावर दूध आलंच नाही, पाळीही परत आली नाही. घरचे म्हणायचे, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे शीहान सिंड्रोम कळला. त्या रक्तस्रावात मेंदूखालची, हार्मोन सोडणारी पिट्युटरी ग्रंथीच गेली होती. आता हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोल हार्मोनऐवजी) आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, पाळीसाठीही एक गोळी आहे. चक्कर थांबली, पण स्टेशनचा पूल एका दमात चढवत नाही. पोट सुटलंय, दंड काटकुळे. मीच लॅबमध्ये जाऊन ग्रोथ हार्मोन तपासलं, ०.१ आलं. डॉक्टर म्हणाले, हा आकडा धरता येत नाही, आयजीएफ-१ करा, म्हणजे ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात बनणाऱ्या पदार्थाची रक्ततपासणी. इतका कमी आकडा पुरेसा का नाही?

लालबागचा विनय:
गौरीताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. हे हार्मोन मधूनमधून उसळतं, जास्त करून रात्री गाढ झोपेत. दिवसा धडधाकट माणसाचंही ०.१ येऊ शकतं. आयजीएफ-१ दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं. पण ते नॉर्मल आलं म्हणून कमतरता नाही असंही नसतं, म्हणून बहुतेकांना पुढची टेस्ट लागते.

२०१९ मध्ये पिट्युटरीच्या गाठीचं नाकातून ऑपरेशन झालं, त्यानंतर माझी इन्सुलिनची टेस्ट झाली. शुगर मुद्दाम पाडतात आणि ग्रोथ हार्मोन उसळतं का ते बघतात. उपाशीपोटी शिरेतून इन्सुलिन दिलं. अर्ध्या तासात मानेवरून घामाच्या धारा, हात थरथरायला लागले. शुगर ४० च्या खाली जावी लागते, माझी ३६ झाली. सिस्टर हात धरून सारखं नाव विचारत होत्या आणि मला माझंच आडनाव पटकन सांगता येईना. मध्ये मध्ये रक्त घेत होते. ग्रोथ हार्मोनचा सगळ्यात वरचा आकडा १.४. तीनच्या खाली म्हणजे तीव्र कमतरता, काही डॉक्टर पाच धरतात. फिट किंवा हृदयविकार असेल तर ही करत नाहीत, मग ग्लुकागॉन या दुसऱ्या हार्मोनचं इंजेक्शन देऊन करतात. ती तीन-चार तास चालते.

सुनंदा, निवृत्त परिचारिका, मुलुंड:
गौरी, तुझ्या पिट्युटरीचं कॉर्टिसोल, थायरॉईड आणि पाळी असं तीन बाजूंचं काम बंद आहे. अशा पेशंटचं आयजीएफ-१ कमी आलं तर बहुतेक वेळा इन्सुलिनच्या टेस्टची गरजच पडत नाही. डॉक्टरांना हे जरूर विचार. आणि पाळीची गोळी इस्ट्रोजेनची असेल तर तेही सांग बाळा. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने आयजीएफ-१ उगाच कमी दिसतं.

गौरी, भांडुप:
सुनंदाताई, ती गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलीय, या डॉक्टरांच्या फाइलमध्ये नाहीच! गुरुवारी पाकीटच घेऊन जाते, रक्त त्यानंतरच देईन.