रॅट-ट्रॅप बाँडचं मोजमाप सरकारी टेंडरात कसं धरायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बडोद्यात एका सरकारी विद्यापीठाच्या दुमजली वर्गखोल्यांचं काम करतोय. आरसीसी फ्रेम, त्यामुळे भिंतींवर भार नाही. काळ्या मातीमुळे पायातच बराच पैसा जातोय, एसीची तरतूद नाही आणि चार वर्ग पश्चिमेला आलेत. मे महिन्यातल्या दुपारी तिथे मुलं बसणार कशी, हीच काळजी आहे. म्हणून त्या ९ इंची भिंती रॅट-ट्रॅपमध्ये घ्यायच्यात: विटा काठावर उभ्या, मधे पोकळी. साधारण पाव विटा वाचतात, उष्णताही कमी शिरते.

नमुना भिंत बांधून पाहिली. आधी गवंड्याचा माल पोकळीतच पडायचा. वर लाकडी पट्टी धरून माल पसरल्यावर काम नीट झालं. सिल (खिडकीखालचा थर), लिंटेल (दार-खिडकीवरचा थर) आणि दारांच्या कडा भरीव घेतल्यात. एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) नकोत, त्यांना प्लास्टर लागतं. आम्हाला विटा उघड्याच ठेवायच्यात.

अडचण अशी की एसओआरमध्ये (सरकारी दरसूचीत) ही बाबच नाही. माझं दरविश्लेषण परत आलं. अभियंते म्हणतात, घनमीटरमधून पोकळी वजा करा. तसं केलं तर ठेकेदाराला मजुरी परवडत नाही, कारण कामाचा वेग कमी असतो.

कोणी सरकारी कामात हे मंजूर करून घेतलंय का? मोजमाप चौरस मीटरमध्ये घेतलंत की पोकळीसकट घनमीटरमध्ये, आणि एका गवंड्याचं दिवसाचं काम किती धरलंत?